हिवाळ्यात ब्रॉयलर शेडमधला अमोनिया: चुना टाकल्यावर वास वाढला, आता काय?

मौदा_ब्रॉयलर | ९ डिसेंबर, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. आधी सगळी माहिती देतो.

शेड ३० × २०० फूट, लांबी पूर्व-पश्चिम. बाजूची भिंत १ फूट, त्यावर जाळी. जमीन मुरमाची, भोवती काळी माती. पक्षी ५,०००, आज १२ वा दिवस. भंडाऱ्याहून येणारं धानाचं तूस वेळेवर मिळालं नाही, म्हणून मागच्या लॉटच्या (तुकडीच्या) गादीवरच, म्हणजे जमिनीवरच्या तूस-विष्ठेच्या जुन्या थरावरच, १ इंच नवं तूस अंथरलं आहे. पाण्याला बेल ड्रिंकर, उबेला गॅस ब्रूडर. रात्री पारा १० च्या आसपास येतो म्हणून संध्याकाळी ६ पासून सकाळी ९ पर्यंत पडदे पूर्ण बंद.

पहाटे आत पाय ठेवला की डोळे चुरचुरतात. पिल्लं डोळे मिटून बसतात, काही पंखावर डोळा घासतात. वजन चार्टच्या मागे आहे. परवा चुना फेकला, १०० चौरस फुटाला साधारण ५ किलो. वास कमी व्हायचा सोडून वाढला. चुना कमी पडला का? अजून टाकू का?

पशुवैद्य_हिंगणा | ९ डिसेंबर, सकाळी ८:२५

अजून एक मूठही टाकू नका. वास चुन्यानेच वाढला आहे.

कोंबडीची लघवी वेगळी पडत नाही, विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो ते युरिक आम्ल. गादीतले जिवाणू ओलावा आणि ऊब मिळाली की ते फोडतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. हा अमोनिया गादीत दोन रूपांत असतो: एक बांधलेला, जो उडत नाही (अमोनियम), आणि एक मोकळा वायू. कोणतं रूप किती, हे गादीच्या पीएचवर (आम्ल-अल्क मापावर) ठरतं. पीएच ७ ला मोकळा वायू १ टक्क्याहून कमी असतो, ८ ला साधारण ५ टक्के, ९ ला ३५ टक्क्यांच्या आसपास. विरलेल्या चुन्याचा पीएच १२ च्या वर. म्हणजे गादीत बांधून पडलेला सगळा अमोनिया चुन्याने मोकळा करून हवेत सोडला, आणि वरून पडदे बंद.

चुना गादी कोरडी करतो हे खरं आहे, आणि त्याच्यामुळेच हा गैरसमज टिकून आहे. वरचा थर दोन दिवस कोरडा दिसतो, तेवढ्यात पिल्लाच्या डोळ्याचं आणि श्वासनलिकेचं नुकसान होऊन जातं. चुन्याची जागा रिकाम्या शेडमध्ये, लॉट विकल्यावर, गादी काढल्यावर, जमिनीवर आणि भिंतीवर. पक्षी आत असताना चुना नाही.

आता आज रात्रीचं सांगतो. पडदे वरून १ फूट उघडे ठेवा, दोन्ही लांब बाजूंना, रात्रभर. आणि ड्रिंकरखालची ओली ढेप (भिजून घट्ट झालेली गादी) आज दुपारी उचलून बाहेर काढा. फोडून पसरवू नका. उचला, पोत्यात भरा, शेडबाहेर न्या. मोकळ्या जागी कोरडं तूस घाला. बाकीचं नंतर बोलू.

कळमेश्वर_शेड | ९ डिसेंबर, सकाळी ९:१०

डॉक्टर साहेब, एक शंका आहे. डिसेंबरच्या रात्री १ फूट फट ठेवली तर १२ दिवसांची पिल्लं गारठतील, ढीग करून दाबून मरतील. आणि पहाटेचं धुकं आत आलं तर गादी अजून ओली होणार नाही का? आपल्याकडे सगळे याच कारणाने पडदे लावून राहिले आहेत.

हवा_आणि_शेड | ९ डिसेंबर, सकाळी १०:३५

धुक्याची हवा आत घेतल्याने गादी ओली होते, हा समज मोडायलाच हवा. आकड्यांत बघू.

बाहेर १० अंश, आर्द्रता ९० टक्के. ही हवा शेडमध्ये येऊन ३० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता उरते २६ टक्के. हवा तापते तशी तिची पाणी धरायची ताकद वाढते, दर १० अंशांना जवळपास दुप्पट. म्हणजे नागपूरची हिवाळ्यातली पहाटेची हवा गरम झाल्यावर गादीसाठी टॉवेलसारखी असते. पावसाळ्यात हे जमत नाही: बाहेर २७ अंश आणि ९० टक्के असेल तर आत ३० ला पोचूनही ती ७५ टक्क्यांवरच राहते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गादी वाळवणं अवघड आणि डिसेंबरमध्ये सोपं. आपण सोप्या ऋतूत पडदे बंद करून ते अवघड करतो.

आत पाणी येतं कुठून तेही बघा. पक्षी जेवढं खाद्य खातो त्याच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पितो. महिन्याच्या वयाचे १,००० पक्षी दिवसाला १५० किलो खाद्य खात असतील तर २६०-३०० लिटर पाणी पितात. त्यातलं थोडंच अंगात राहतं, उरलेलं विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्ये. त्यात गॅस ब्रूडर. १ किलो एलपीजी जळली की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ होते. १९ किलोची एक कमर्शियल टाकी जळली म्हणजे ३० लिटर पाणी हवेत गेलं. ते बाहेर न्यायला हवा लागते, दुसरा मार्ग नाही. गॅस वाचवायला पडदा बंद केला तर तीच वाफ छताच्या पत्र्याला लागून टपकते आणि गादीवर पडते. पहाटे पत्र्याला थेंब दिसत असतील तर हवा कमी आहे हे नक्की समजा.

पिल्लं गारठतात ती फटीमुळे नाही, फट चुकीच्या जागी असल्यामुळे. पुष्कळ शेडमध्ये पडदा वर खिळलेला असतो आणि खालून गुंडाळतात. मग थंड हवा सरळ पिल्लांच्या पाठीवर. पडदा खाली भिंतीला पक्का हवा आणि वरून खाली उतरणारा हवा. वरच्या फटीतून आलेली थंड हवा छताजवळच्या गरम हवेत मिसळते आणि मग खाली येते. वर कप्पी, नायलॉन दोरी, मध्ये दर १० फुटांवर एक आधाराची दोरी, शेडच्या टोकाला हँडल. पडद्याचा खालचा भाग भिंतीच्या बाहेरून किमान अर्धा फूट लोंबता हवा, नाहीतर भिंत आणि पडद्याच्या मधून वाऱ्याची सुरी लागते.

आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तर-ईशान्येचा असतो. शेड पूर्व-पश्चिम आहे, तर उत्तरेची फट ६ इंच आणि दक्षिणेची १ फूट ठेवा. वारा पडला तर दोन्ही १ फूट.

पशुवैद्य_हिंगणा | ९ डिसेंबर, सकाळी ११:०५

फटीचं बरोबर आहे, मी सरसकट १ फूट लिहिलं ते दुरुस्त समजावं. ब्रूडिंगची जागा आतून दुसऱ्या पडद्याने वेगळी केली असेल तर त्या पडद्यालाही वर फट ठेवा, नाहीतर बाहेरची हवा फक्त रिकाम्या भागात फिरते. पिल्लांच्या उंचीवर तापमान पाहा: १२ व्या दिवशी २८-२९ अंश पुरे. तेवढं ठेवायला गॅस थोडा जास्त जळेल, तो जळू द्या.

मौदा_ब्रॉयलर | ९ डिसेंबर, दुपारी १:५०

पडदे वरूनच उतरतात, तेवढं बरं आहे. ढेप काढायला माणसं लावली. एक विचारतो, अमोनिया किती आहे हे मोजायचं कसं? मीटर नाही. नाकाला तर आता आत गेल्यावर दहा मिनिटांनी काही कळतच नाही.

पशुवैद्य_हिंगणा | ९ डिसेंबर, दुपारी २:३०

नाकावर भरवसा ठेवूच नका. रोज शेडमध्ये राहणाऱ्या माणसाचं नाक सरावतं, बाहेरून आलेल्याला जो वास झोंबतो तो त्याला येत नाही. डोळे चुरचुरायला लागेपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

सगळ्यात स्वस्त म्हणजे अमोनियाच्या कागदी पट्ट्या. डबीवर रंगांचा तक्ता असतो: ०, ५, १०, २०, ५०, १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे किती भाग). पट्टी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून झटका, पिल्लाच्या डोक्याच्या उंचीवर १५ सेकंद धरा, लगेच तक्त्याशी जुळवा. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्डच हवं. बोअरचं पाणी वापरलं तर त्याच्याच क्षारांनी रंग बदलतो आणि आकडा खोटा येतो. गुडघ्याच्या किंवा तोंडाच्या उंचीवर मोजू नका, पिल्लू तिथे श्वास घेत नाही. वेळ पहाटे ५ ते ६, पडद्याला हात लावायच्या आधी. तीन जागा: मध्यभाग, ड्रिंकरजवळ आणि टोकाचा कोपरा. वहीत तारीख-वयासह लिहा.

इलेक्ट्रॉनिक मीटर घ्यायचा असेल तर त्यातला सेन्सर सतत अमोनियात ठेवल्याने मरतो. मोजून झालं की बाहेर मोकळ्या हवेत आणा, शेडमध्ये टांगून ठेवू नका.

आकड्यांचा अर्थ: १० च्या आत ठेवायचं लक्ष्य. युरोपात दाटीने पाळलेल्या ब्रॉयलरसाठी कायद्याची मर्यादा २० पीपीएम आहे. २० च्या वर श्वासनलिकेतल्या केसांसारख्या तंतूंची हालचाल मंदावते. हेच तंतू धूळ आणि जंतू बाहेर ढकलतात. ते थांबले की गादीतला ई. कोलाय सरळ फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत उतरतो. मग सीआरडी (श्वासाचा जुनाट आजार), यकृतावर आणि हृदयावर पांढरा पापुद्रा, अँटिबायोटिकचा खर्च. ५० च्या वर डोळ्याच्या बुबुळावर जखमा होतात, पक्षी डोळे मिटून बसतो, खाद्याच्या भांड्यापर्यंत जात नाही, आणि वाढ थेट खाली येते. तुमची पिल्लं पंखावर डोळा घासतात यावरून पहाटेचा आकडा ५० च्या आसपास असावा असं मला वाटतं.

लासोटा (राणीखेत रोगाची) लस डोळ्यात द्यायच्या आधी मोजणं तर अत्यावश्यक. अमोनियाने सुजलेल्या श्वासमार्गावर जिवंत लस पडली की प्रतिक्रिया जोरात येते, घरघर आठवडाभर चालते आणि दोष लसीला दिला जातो. बूस्टर अजून बाकी असेल तर आकडा २० च्या खाली आणून मगच द्या.

उमरेड_रोड | ९ डिसेंबर, सायंकाळी ५:१५

गादीबद्दल थोडं.

हातात मूठभर गादी घेऊन दाबा. लाडू झाला आणि तसाच राहिला तर ओलावा जास्त. हलका लाडू होऊन मूठ उघडल्यावर तडकला तर बरोबर, २० ते २५ टक्के. अजिबात चिकटत नसेल तर फार कोरडी, धूळ उडते, त्यानेही श्वासाचा त्रास होतो. नेमकं हवं असेल तर पाच जागांची मिळून १०० ग्रॅम गादी १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन बदलायचं थांबेपर्यंत वाळवा. ७५ ग्रॅम उरली तर ओलावा २५ टक्के. ३० च्या वर गेली की खपली धरते आणि अमोनिया सुटतो.

दाताळ्याने गादी उलथायची ती ७-८ व्या दिवसापासून, दोन दिवसांआड, ऊन चढल्यावर ११ ते ३ मध्ये, पडदे पूर्ण खाली उतरवून, म्हणजे उघडून. संध्याकाळी उलथून पडदे लावणं ही सगळ्यात घातक सवय: खालच्या थरात दबलेला अमोनिया एकदम वर येतो आणि रात्रभर आतच राहतो. ओली ढेप असेल तिथे दाताळं लावूच नका, वर पशुवैद्यांनी सांगितलं तसं उचला. ढेप फोडून कोरड्यात मिसळली तर पूर्ण शेड ओली होते.

आता जुन्या गादीचं. मौदा भाऊ, तुमच्या त्रासाचं मूळ तिथेच आहे. मागच्या लॉटची महिनाभराची विष्ठा खाली, वर १ इंच तूस, आणि ब्रूडरने ती ३२ अंशांना तापवली. म्हणजे अमोनियाची भट्टी पेटवून तिच्यावर एक दिवसाची पिल्लं सोडली. जुनी गादी वापरायचीच असेल तर लॉट गेल्यावर ढेप काढा, उरलेल्याची शेडच्या मधोमध ३ फूट उंच रास लावा, आत ५० अंशांच्या वर ताप चढू द्या, ४-५ दिवसांनी एकदा उलटवा, परत तापू द्या. मग पसरवून पडदे उघडे टाकून निदान ४ दिवस वाफ जाऊ द्या. एवढे दिवस नसतील तर जुनी गादी वापरू नये.

नवी गादी हिवाळ्यात ३ ते ४ इंच, उन्हाळ्यात २ इंच. ६,००० चौरस फुटाला ३ इंच म्हणजे १,५०० घनफूट, वजनात ४ टनांच्या वर धानाचं तूस. दिवाळीच्या सुमारास गिरण्या चालू होतात तेव्हाच भरून ठेवा, ताडपत्रीखाली, विटांवर. सोयाबीनचं कुटार स्वस्त मिळतं म्हणून वापरतात, पण ते पाणी धरून ठेवतं, दबतं आणि बुरशी धरतं. आरा मशीनचा जाड लाकडी भुसा चालतो, पिठासारखा बारीक नको, पिल्लं खातात. भुईमुगाच्या टरफलात बुरशीची भीती, नीट वाळलेली असल्याशिवाय नाही.

काळ्या मातीवर शेड असेल तर जमिनीतून ओल वर चढते. आतली पातळी बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान दीड-दोन फूट उंच, मुरूम ठोकून, जमल्यास त्यावर कोबा. नुसत्या मुरमावर गादीखाली हात घालून पाहा, खालचा थर गार-ओला लागत असेल तर ते पाणी ड्रिंकरचं नसून जमिनीचं आहे.

काटोल_निप्पल | ९ डिसेंबर, रात्री ८:४०

बेल ड्रिंकरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी. दर दोन-तीन दिवसांनी वर घ्या. खाली राहिला की पक्षी चोचीने पाणी उडवतो, अंगावर घेतो, वरून धक्का मारतो. तळाला पाणी पहिल्या दहा दिवसांत काठोकाठ जवळ, नंतर खाली करत आणा. मोठ्या पक्ष्याला तळाशी अर्धा-पाऊण सेंटिमीटर पाणी पुरतं. आत वाळू किंवा पाणी भरून वजन दिलेलं नसेल तर ड्रिंकर झुलतो आणि सांडतो.

निप्पल (पाइपला लावलेली, चोचीने दाबून प्यायची तोटी) असेल त्यांच्यासाठी: एका निप्पलमधून मिनिटाला निघणारं पाणी मोजा. पक्ष्याचं वय दिवसांत अधिक २०, तेवढे मिलिलिटर. १० व्या दिवशी ३०, ३० व्या दिवशी ५०. त्याहून जास्त येत असेल तर दाब जास्त आहे, गादी भिजणारच. उंची अशी की पक्षी मान ताणून, पाय सपाट ठेवून पिईल. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, क्षार साचून निप्पलची गोळी नीट बसत नाही आणि थेंब-थेंब गळती लागते. लॉट संपल्यावर लाइनमध्ये सायट्रिक आम्लाचं द्रावण रात्रभर भरून ठेवा, सकाळी जोरात फ्लश करा. लाइन कुठे झुकलेली आहे ते पाणीपातळीच्या नळीने तपासा. उतार असलेल्या टोकाला दाब वाढतो आणि नेमक्या त्याच टोकाला ढेप धरते.

हवा_आणि_शेड | ९ डिसेंबर, रात्री ९:२०

ज्यांच्याकडे पंखा लावायची सोय आहे त्यांच्यासाठी हिशेब टाकून ठेवतो. हिवाळ्यात कमीत कमी हवा एका पक्ष्यामागे: पहिल्या आठवड्यात मिनिटाला ०.१० घनफूट, दुसऱ्यात ०.२५, तिसऱ्यात ०.३५, चौथ्यात ०.५०, पाचव्यात ०.६५. ५,००० पक्षी दुसऱ्या आठवड्यात: १,२५० घनफूट. २४ इंची एक्झॉस्ट पंखा साधारण ५,००० घनफूट ओढतो. म्हणजे एक चतुर्थांश वेळ चालवायचा: टायमरवर ५ मिनिटांत ७५ सेकंद चालू, उरलेला वेळ बंद. तिसऱ्या आठवड्यात १०५ सेकंद. अर्ध्या तासात एकदम ८ मिनिटं चालवू नका, तापमान धडधड खाली-वर होतं. हवा आत यायला समोर वरच्या बाजूला फट असलीच पाहिजे, नाहीतर पंखा फक्त दाराच्या फटीतून गार झोत ओढतो.

हे आकडे ओलावा काढण्यासाठीचे किमान आहेत. जुन्या गादीवर एवढ्याने भागत नाही, पट्टी २० च्या वर दाखवत असेल तर वेळ वाढवा.

सावनेर_२०k | १० डिसेंबर, सकाळी ६:५५

गादीवर फटकडी मारतात असं ऐकलं आहे. किराणा दुकानातली तुरटी चालते का? सुपर फॉस्फेटही काही जण टाकतात. आणि ब्लिचिंग पावडर?

रसायन_गादी | १० डिसेंबर, सकाळी ९:३०

ब्लिचिंग पावडरचं आधी, कारण तो धोक्याचा विषय आहे. अमोनिया असलेल्या गादीवर ब्लिचिंग पडली की क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो. आणि अ‍ॅलम (फटकडी) किंवा कुठल्याही आम्लधर्मी पावडरीबरोबर ब्लिचिंग आली की क्लोरीन सुटतो. माणूस आणि पक्षी दोघांच्याही फुप्फुसाला घातक. ब्लिचिंग फक्त रिकाम्या, धुतलेल्या शेडमध्ये आणि पाण्याच्या टाकीत, मापात.

गादीसाठी वापरतात ते अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, पाणी शुद्धीकरण केंद्रात जे अ‍ॅलम जातं ते. पावडर किंवा दाणेदार, नॉन-फेरिक, ५० किलोच्या पोत्यात मिळतं. दुकानातली तुरटी म्हणजे पोटॅश अ‍ॅलम. तीही आम्लधर्मीच, पण किलोमागे काम कमी आणि पैसे जास्त. अ‍ॅलम ओलाव्यात विरघळलं की आम्ल तयार होतं, गादीचा पीएच खाली येतो आणि अमोनिया अमोनियम सल्फेट होऊन गादीतच अडकतो. युरिक आम्ल फोडणारे जिवाणूही कमी पीएचला मंदावतात.

मात्रा १०० चौरस फुटाला २.३ ते ४.५ किलो. ६,००० चौरस फुटाच्या पूर्ण शेडला १४० ते २७० किलो. फक्त ब्रूडिंगच्या अर्ध्या भागात टाकायचं असेल तर त्याच्या निम्मं. जुनी गादी असेल तर वरची मात्रा घ्या. पिल्लं यायच्या २ ते ४ दिवस आधी सारखं फेकायचं, दाताळ्याने वरच्या १ इंचात मिसळायचं आणि वर थोडं नवं तूस. मिसळलं नाही तर दाणे वर राहतात आणि पिल्लं टिपतात. परिणाम साधारण तीन-चार आठवडे, म्हणजे पिल्लू नाजूक असतं तो पूर्ण काळ.

टाकताना रबरी हातमोजे, चष्मा, नाका-तोंडाला मास्क. अ‍ॅलमची धूळ डोळ्यात गेली तर भरपूर पाण्याने धुवा. पत्र्याची भांडी आणि तारा यांच्यावर पडू देऊ नका, गंज धरतो.

आणि हे नीट वाचा: ज्या गादीत चुना आहे तिच्यावर अ‍ॅलम टाकून उपयोग नाही. दोघं एकमेकांना मारतात, पैसे दोन्हीकडून जातात. मौदा भाऊ, तुमच्या या लॉटला अ‍ॅलम नको. पक्षी आत आहेत आणि चुनाही आत आहे. हवा आणि कोरडं तूस, एवढंच.

सोडियम बायसल्फेटही चालतं, मात्रा जवळपास तीच, काम जलद होतं पण लवकर संपतं, म्हणून पिल्लं यायच्या आदल्या दिवशी टाकतात. सुपर फॉस्फेट थोडं काम करतं, पण खतात स्फुरद वाढतं आणि पिल्लांनी टिपलं तर त्यातला फ्लोराइड पोटात जातो. मी सुचवणार नाही. फेरस सल्फेट (हिराकस) तर अजिबात नको, पक्ष्याने खाल्लं की विषबाधा होते.

फीड_फॉर्म्युला | १० डिसेंबर, दुपारी १२:१०

गादीत येणारा नत्र खाद्यातूनच येतो, त्यामुळे तिथे हात घातल्याशिवाय हा विषय अर्धा राहतो.

प्रथिनं १ टक्क्याने खाली आणली (२१ वरून २०) तर विष्ठेतला नत्र साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटतो. पण नुसती सोया पेंड कमी करून चालत नाही, लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन वरून मोजून घालावे लागतात, नाहीतर छातीचं मांस घटतं. स्वतः खाद्य मिसळणाऱ्यांनी हे कागदावर हिशेब केल्याशिवाय करू नये. कंपनीचं खाद्य असेल तर सुपरवायझरला प्रत्येक टप्प्याची प्रथिनं विचारा. स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य) वेळेवर बंद करून ग्रोअरवर (पुढच्या टप्प्याच्या खाद्यावर) न जाणं, ही सगळ्यात नेहमीची चूक; पिल्लाला नको असलेली प्रथिनं सरळ गादीत उतरतात.

सोडियम एकूण ०.१६ ते ०.२३ टक्के. मीठ, खायचा सोडा आणि सुकट तिघांतून येणारं मिळून. जास्त झालं की पक्षी जास्त पितो आणि विष्ठा पातळ. पाण्यातलं सोडियमही धरा. नागपूरकडे हा प्रश्न कमी, पण अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यातच एवढं मीठ असतं की खाद्यातलं कमी केल्याशिवाय गादी कोरडी राहूच शकत नाही. पाणी एकदा तपासून घ्या.

युक्का या वनस्पतीचा अर्क खाद्याच्या टनाला १०० ते १२५ ग्रॅम, डबीवरची मात्रा पाहून. मदत होते, पण बंद पडद्यांवर तो इलाज नाही. खाद्यात तुकडा तांदूळ, बाजरी किंवा डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा) जास्त असेल तर एन्झाइम घाला, चिकट विष्ठा कमी होते.

आणि विष्ठा पातळ असेल तर आधी कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा परजीवी रोग) नाही ना ते पाहा. ओल्या गादीत कॉक्सीच्या अंड्या पिकतात, कॉक्सीने विष्ठा पातळ होते, त्याने गादी अजून ओली. हे चक्र तूस टाकून तुटत नाही. दोन ताजे मेलेले पक्षी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाला न्या, आतड्याचा नमुना पाहिल्यावर कळेल.

संत्रा_बाग_नरखेड | १० डिसेंबर, दुपारी ४:००

खत घेणाऱ्याच्या बाजूने एक. आपल्या भागातल्या काळ्या जमिनी आधीच चुनखडीच्या, पीएच ८ च्या घरात. त्यामुळे संत्र्याला लोह आणि जस्त मिळत नाही, पानं पिवळी पडतात. चुना मिसळलेलं कोंबडी खत अशा बागेत नको असतं. अ‍ॅलमवाल्या गादीत नत्र उडून न जाता टिकतो, ते खत कुजवून घेतलेलं असेल तर चांगलं. गाडी भरताना चुना आहे की नाही हे घेणाऱ्याला सांगत जा, एवढीच विनंती.

मौदा_ब्रॉयलर | १३ डिसेंबर, सकाळी ६:३०

पट्ट्या मिळाल्या. आकडे देतो, पहाटे ५:३० चे, पिल्लाच्या उंचीवर. ११ तारखेला मध्यभाग ५०, ड्रिंकरजवळ ५०, कोपरा २०. आज मध्यभाग २०, ड्रिंकरजवळ २०, कोपरा १०. फट उत्तरेला ६ इंच, दक्षिणेला १ फूट, रात्रभर. ३८ पोती ढेप निघाली. आतलं तापमान २७ च्या खाली गेलं नाही. डोळे मिटून बसणं पुष्कळ कमी आहे. पत्र्याचे थेंब गेले.

पुढचा लॉट जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याची तयारी कशी लावू? आणि आता आकडा उतरला आहे तर गॅस वाचवायला फट थोडी कमी करू का?

उमरेड_रोड | १३ डिसेंबर, सकाळी ८:०५

पुढच्या लॉटसाठी: पक्षी उचलल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी गादी बाहेर. जमीन खरवडून धुणं, ३-४ दिवस वाळवणं, मग चुन्याचा हात जमिनीला आणि भिंतीला, तोही वाळू द्या आणि सुटलेली पावडर झाडून काढा. नवं तूस ३-४ इंच. नव्या, कोरड्या तुसात अ‍ॅलमला विरघळायला ओलावाच नसतो, तेव्हा त्यावर खर्च नको. अ‍ॅलम जुनी गादी राहणार असेल तरच. पिल्लं यायच्या २४ तास आधी ब्रूडर पेटवा, वरची फट उघडी ठेवून, म्हणजे तुसाची आणि जमिनीची वाफ पिल्लांआधी निघून जाईल. पिल्लं सोडण्याआधी पट्टी धरा. तीत ५ च्या वर काही दिसलं तर जमिनीत जुनं काहीतरी राहिलं आहे.

पशुवैद्य_हिंगणा | १३ डिसेंबर, सकाळी ८:४०

फट कमी करू नका, वाढवा. आज १६ वा दिवस. पक्षी रोज जास्त पितो, रोज जास्त ओलावा सोडतो. आजची फट २० व्या दिवशी पुरणार नाही. आणि पक्षी मोठा झाला की त्याची स्वतःची ऊबही वाढते, गॅस तसाही कमी लागेल. उत्तरेची फट आज ९ इंच करा, आत २६ अंश टिकतात का ते पहाटे ४ ला पाहा. ड्रिंकरखालच्या जागा परवा परत तपासा, ढेप तिथेच पुन्हा धरते. लासोटा बूस्टर मध्यभागाचा आकडा सलग दोन पहाटे १० वर आला की द्या. १५ आणि १६ तारखेचे आकडे इथेच टाका.